सुतार कोणता? खुणा, नावे आणि पुस्तके

फेब्रुवारी महिना होता. बुलडाण्याहून खामगावला जाणारा रस्ता बोथ्याजवळ ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. त्या रस्त्याच्या कडेला नववीची वीस-बावीस मुले, त्यांचे दोन शिक्षक आणि आम्ही उभे होतो. सालई आणि धावड्याची पाने गळून गेली होती. असे दिवस सुतार पक्षी दाखवायला चांगले, कारण त्याला लपायला पाने नसतात.

थोड्याच वेळात एका वाळक्या खोडावरून ठोके ऐकू आले. सोनेरी पंखांचा, लाल तुऱ्याचा एक मोठा पक्षी खोडाला चिकटून वर सरकत होता. आम्ही लगेच सांगितले, "सोनपाठी सुतार. लिहून घ्या." मुलांनी लिहिले. एका मुलीने मात्र पेन तसेच धरून विचारले, "सर, पण याची मान मांगून पांढरी हाये. चित्रात तं काळी हाये." आम्ही म्हणालो, "उन्हाची तिरीप पडली आहे, त्यामुळे तसे वाटते." तिने आणखी एकदा खोडाकडे पाहिले आणि मग इतरांप्रमाणेच लिहिले.

संध्याकाळी एका शिक्षकांनी काढलेले छायाचित्र पाहायला मिळाले. ते फारसे स्पष्ट नव्हते. पण पक्ष्याची मान मागून पांढरी होती, तो पांढरा रंग पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी काळा रंग तिरपा येऊन खाली मिळाला होता. तो सोनपाठी सुतार नव्हताच. तो पांढऱ्या मानेचा सुतार होता. मुलगी बरोबर होती, आम्ही चूक होतो, आणि वीस-बावीस वह्यांत आमची चूक शाईने लिहिली गेली होती.

या चुकीने आम्हांला बरेच दिवस अस्वस्थ केले. दोन्ही जाती आम्हांला पुस्तकातून ठाऊक होत्या. दोघांची चित्रे असलेले पुस्तक आमच्या पिशवीतच होते. तरीही चूक झाली. ती केवळ निष्काळजीपणाची होती असे म्हणून मोकळे होता येईल. पण तसे केले तर तीच चूक पुढच्या सहलीत दुसरे कोणीतरी करील. म्हणून पक्षी ओळखण्यासाठी आपण ज्या साधनांवर विसंबतो ती साधने, म्हणजे नावे, चित्रे, पुस्तके आणि आता भ्रमणध्वनीवरील अ‍ॅप, एकदा तपासून पाहावीत असे आम्हांला वाटले. हा लेख म्हणजे तो तपास आहे.

सोनेरी रंग आणि लाल तुरा

आपल्या जिल्ह्यात सहज भेटणारा मोठा सुतार म्हणजे सोनपाठी. शास्त्रीय नाव डायनोपियम बेंगालेन्स. लांबी २६ ते २९ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा थोडा मोठा. गावाकडची आमराई, शेताच्या बांधावरची बाभूळ, रस्त्याकडेचे कडुनिंब अशा ठिकाणीही तो दिसतो. पांढऱ्या मानेचा सुतार, म्हणजे क्रायसोकोलॅप्टिस फेस्टिव्हस, साधारण तेवढाच, सुमारे २९ सेंटिमीटर. तो कोरड्या पानगळीच्या रानात राहतो, विखुरलेला असतो आणि कोठेही विपुल नसतो. दोघांच्याही अंगावर सोनेरी रंग आहे. दोघांच्याही नराचे डोके लाल आहे. दोघांचीही चोच लांब आणि सरळ आहे.

आता या तीन गोष्टींकडे नीट पाहावे. आपण मुलांना सुतार पक्षी शिकवतो तेव्हा नेमक्या याच तीन गोष्टी सांगतो: सोनेरी पाठ, लाल तुरा, मजबूत चोच. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यातही याच ठळक असतात. त्या खोट्या नाहीत. पण सुतार आणि पोपट यांत फरक करायला त्या उपयोगी आहेत. सुतार आणि सुतार यांत फरक करायला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. डोळा ज्या रंगावर प्रथम जातो तोच रंग येथे दोघांत समान आहे. वेगळेपणा आहे तो मानगुटीवर आणि गळ्यावर, म्हणजे जेथे आपण कोणी पाहायला सांगितल्याशिवाय पाहत नाही तेथे.

सोनपाठीची मानगूट काळी असते, आणि गळा काळा असून त्यावर पांढरे ठिपके-रेघा असतात. दुसऱ्याची मानगूट पांढरी असते, आणि गळा पांढरा असून त्यावर बारीक काळ्या रेघा असतात. माद्यांत फरक आणखी सोपा आहे. सोनपाठी मादीच्या कपाळावर काळ्यावर पांढरे ठिपके असतात आणि मागचा तुरा लाल असतो. पांढऱ्या मानेच्या मादीच्या डोक्यावर लाल रंग नसतोच. तिचे डोके पिवळे असते. इतके सरळ फरक असताना आम्ही फसलो, कारण सोनेरी रंग दिसताच आमचे पाहणे थांबले होते. नाव सुचले की डोळे काम करणे सोडून देतात, हा अनुभव शिक्षकांना नवा नसावा. पाढा पाठ असलेला मुलगा गणित पुरते न वाचताच उत्तर लिहितो, तसेच हे झाले.

नावे काय सांगतात?

आता नावांकडे वळू. सोनपाठीला इंग्रजी पुस्तकांत पूर्वी 'लेसर गोल्डनबॅक्ड वुडपेकर' म्हणत. अलीकडच्या पुस्तकांत त्याचे नाव 'ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक' आहे. रम्प म्हणजे शेपटीच्या मुळावरचा पाठीचा भाग; आपण त्याला कंबर म्हणू. काळ्या कमरेचा, ज्वाळेसारख्या पाठीचा सुतार असा त्या नावाचा अर्थ. नाव देणाऱ्यांनी ही खूण उगाच निवडलेली नाही. सह्याद्रीच्या दमट रानात, विशेषतः दक्षिणेकडे, सोनेरी पाठीचे इतरही सुतार आहेत आणि त्यांची कंबर लाल असते. तेथे उडून जाणाऱ्या पक्ष्याची कंबर काळी दिसली की प्रश्न मिटतो.

पण ज्ञानगंगेच्या रानात काय? तेथे ज्या दोघांत गोंधळ होतो त्या दोघांचीही कंबर काळीच आहे. म्हणजे जी खूण आंबोलीत निर्णायक, ती बोथ्यात निरुपयोगी. नावात असलेली खूण पाहून आपण समाधानाने मान डोलावतो, आणि तेथेच चूक पक्की होते.

दुसऱ्या पक्ष्याच्या नावाची गोष्ट आणखी बोलकी आहे. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात (१९६८–१९७४) त्याचे नाव 'ब्लॅकबॅक्ड', म्हणजे काळ्या पाठीचा, असे आहे. पुढच्या पुस्तकांत तोच पक्षी 'व्हाइट-नेप्ड', म्हणजे पांढऱ्या मानगुटीचा, झाला. पक्षी बदललेला नाही. नाव देणाऱ्याने बोट कोठे ठेवायचे ते बदलले. आमच्या मते हा बदल चांगला झाला, कारण पाठीवरचा काळा रंग पंख मिटलेले असताना चटकन कळत नाही, मानेवरचा पांढरा मात्र बऱ्याच अंतरावरून कळतो.

लहान सुतारांतही असेच आहे. १८०१ साली जॉन लॅथम यांनी एका लहानशा ठिपकेदार सुताराला 'मराटेन्सिस' असे नाव दिले. त्यावरून तो इंग्रजीत बराच काळ 'मराठा वुडपेकर' म्हणून ओळखला जाई. शास्त्रीय नावात आजही तो मराठाच आहे: लायोपिकस मराटेन्सिस. आपल्याला हे नाव आवडावे हे साहजिक आहे. परंतु तो भारताच्या बहुतेक भागांत आणि पूर्वेला म्यानमारच्याही पुढे आढळतो, तेव्हा नावावरून त्याचा पत्ता काढता येत नाही. नव्या पुस्तकांत त्याला पिवळ्या डोक्याचा म्हणतात. ही खूण खरी आहे. पण पिवळे डोके पांढऱ्या मानेच्या मादीलाही आहे हे आपण वर पाहिले. अर्थात एक १८ सेंटिमीटरचा आणि दुसरी २९ सेंटिमीटरची, त्यामुळे आकार पाहणाऱ्याचा गोंधळ होणार नाही; नुसते नाव पाठ करणाऱ्याचा होईल.

या सगळ्यावरून एक गोष्ट निघते. ओळखीची खूण ही पक्ष्याच्या अंगावर चिकटवलेली वस्तू नाही. ती दोन पक्ष्यांच्या तुलनेतून तयार होते. ज्याच्याशी तुलना करायची तो शेजारी बदलला की खूणही बदलते. म्हणून 'या पक्ष्याची खूण कोणती?' हा प्रश्न अपुरा आहे. 'येथे हा कोणासारखा दिसतो, आणि त्याच्यापेक्षा वेगळा कोठे आहे?' असा तो विचारला पाहिजे.

पुस्तके आणि चित्रे

सलीम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला पक्षिनिरीक्षणाची गोडी लावण्याचे श्रेय या एका पुस्तकाला जेवढे जाते तेवढे भारतात दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला जात नसेल. त्यातील एक साधी युक्ती आम्हांला फार मोलाची वाटते. पक्ष्याचा आकार सांगताना ते चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा असे सांगतात. जंगलात कोणी मोजपट्टी घेऊन जात नाही. माहीत असलेल्या पक्ष्याशी तुलना मात्र प्रत्येकाला जमते. वर म्हटलेले तुलनेचे तत्त्व त्यांनी आकारापुरते तरी पूर्णपणे अमलात आणले होते. रंगखुणांच्या बाबतीत मात्र प्रत्येक पक्ष्याचे वर्णन मुख्यतः त्याच्यापुरते येते. सारख्या दिसणाऱ्या शेजाऱ्याशी तुलना आली तरी ओझरती येते. नवख्याला पक्ष्यांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाचा हा दोष म्हणता येणार नाही. पण त्याच पुस्तकावर विसंबून सुतार आणि सुतार वेगळे करायला निघालो तर अडचण येते, हेही खरे.

अमेरिकेत १९३४ साली रॉजर टोरी पीटरसन यांनी एक निराळी वाट काढली. त्यांनी सारखे दिसणारे पक्षी एका पानावर, एकाच बाजूला तोंड करून मांडले आणि जेथे फरक आहे तेथे बारीक रेघ ओढली. चित्र सुंदर दिसावे यापेक्षा फरक दिसावा, याला त्यांनी महत्त्व दिले. जगातील बहुतेक पक्षी-मार्गदर्शके पुढे या वाटेने गेली. आपल्याकडे १९९८ सालचे ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचे पुस्तक, तसेच २००५ सालचे रासमुसेन आणि अँडरटन यांचे दोन खंड, यांत एका गटातील जाती एकत्र पाहता येतात. हा मोठाच लाभ आहे.

तरीही शिक्षकाच्या दृष्टीने दोन उणिवा राहतात. पहिली अशी की ही पुस्तके संपूर्ण उपखंडासाठी आहेत. त्यांत तेराशेच्या आसपास जाती येतात. सुतारांची पाने उघडली की हिमालयापासून श्रीलंकेपर्यंतचे सुतार समोर येतात. त्यांतले आपल्या तालुक्यात कोणते असू शकतील हे बोटाच्या पेराएवढ्या नकाशावरून ठरवावे लागते. वर्गातल्या मुलाला ते जमत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही नेहमी जमत नाही. दुसरी उणीव चित्रातल्या पक्ष्याच्या बैठकीची. चित्रकार पक्षी बहुधा बाजूने दाखवतो, कारण त्यामुळे डोके, पोट, पंख सारेच थोडे थोडे दिसते. सुतार मात्र खोडाला पोट लावून, आपल्याकडे पाठ करून बसतो, आणि पाहणाऱ्याची चाहूल लागताच खोडाच्या मागे सरकतो. आपल्याला दिसते ती पाठ आणि मानगूट. म्हणजे सुतारांचे एखादे पान मागच्या बाजूने रंगवले तर शिक्षकांचे किती काम हलके होईल!

संग्रहालयातल्या खुणा आणि रानातल्या खुणा यांतला भेदही येथे सांगितला पाहिजे. या दोन मोठ्या सुतारांच्या पायांत फरक आहे. पांढऱ्या मानेच्या सुताराची चारही बोटे चांगली वाढलेली असतात. सोनपाठीच्या मागच्या दोन बोटांपैकी एक अगदी खुरटे असते. हातात नमुना असेल तर ही खूण पक्की आहे. वीस मीटरवरच्या खोडावर तिचा काही उपयोग नाही. पाठ्यपुस्तकी वर्णनात दोन्ही प्रकारच्या खुणा एकाच ओळीत येतात आणि मुलांना कोणती कोठे वापरावी ते उमगत नाही.

अ‍ॅपविषयी थोडेसे. मर्लिनसारखे अ‍ॅप छायाचित्र पाहून पक्ष्याचे नाव सुचवते, आणि ठिकाण व तारीख सांगितली तर तेथे त्या काळात संभवणाऱ्या जातींचा विचार करते. म्हणजे जाड पुस्तकाची पहिली उणीव ते पुष्कळशी भरून काढते. परंतु ते उत्तर देते, कारण देत नाही. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरांसारखा त्याचा उपयोग करावा: आधी आपण सोडवावे, मग पडताळून पाहावे. त्या सकाळी आम्ही अ‍ॅप उघडले असते तर कदाचित बरोबर नाव मिळाले असते; पण मुलीने मान पाहिली होती ही गोष्ट तेव्हाही कोणाच्या लक्षात आली नसती.

हे साम्य आले कोठून?

येथे एक शंका येईल. दोन पक्षी इतके सारखे आहेत म्हणजे ते जवळचे नातेवाईक असतील. तसे नाही. डीएनएच्या अभ्यासातून असे दिसते की पांढऱ्या मानेच्या सुताराचा वंश सोनपाठीच्या वंशाला फारसा जवळचा नाही. त्याचे जवळचे नातेवाईक आहेत ते अमेरिकेतील कॅम्पेफिलस वंशातले मोठाले सुतार. सोनेरी पाठ, लाल तुरा हे वारशाने आलेले साम्य नसून दोन निराळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे गाठलेले साम्य आहे.

हे फक्त याच जोडीपुरतेही नाही. २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात जगातील दोनशेहून अधिक सुतार जातींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नाते आणि हवामान यांचा परिणाम वगळल्यावरही असे आढळले की एकाच प्रदेशात राहणारे सुतार अपेक्षेपेक्षा एकमेकांसारखे अधिक दिसतात. असे का व्हावे याविषयी वेगवेगळी मते आहेत. एका मतानुसार लहान किंवा दुबळ्या जातीला दांडग्या जातीसारखे दिसण्याचा फायदा मिळतो. इतर पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. हे मत सर्व ठिकाणी लागू पडते असे नाही, आणि आपल्या जोडीला ते लागू आहे की नाही हे निराळे तपासावे लागेल. परंतु शिक्षकांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे की एका रानातले दोन सुतार सारखे दिसले तर मुलाची नजर कच्ची आहे असे समजू नये. फसवण्याइतके साम्य तेथे खरोखरच असते.

शहाद्याचा धडा

खुणा नीट पाहिल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच सातपुड्यात घडले आहे. सुतार सोडून क्षणभर पिंगळ्याकडे वळू.

रानपिंगळा या लहान घुबडाचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. जगातील संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांतल्या एकावर १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी होती आणि ती रिचर्ड माइनर्टझहॅगन यांची होती. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो चोरलेला आणि नव्याने शिवलेला जुनाच नमुना निघाला. जेम्स डेव्हिडसन यांनी तो १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. म्हणजे मांडवीला शोध घेण्यात अर्थ नव्हता. खऱ्या चिठ्ठ्यांच्या ठिकाणी जायला हवे होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट तसे फिरत फिरत शहाद्याजवळ आले, आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा जिवंत दिसला.

येथे आपल्या कामाची गोष्ट अशी. नेहमीचा ठिपकेदार पिंगळा त्या भागात सर्वत्र आहे. घाईने पाहणाऱ्याने "पिंगळा" म्हणून तो पक्षी सोडून दिला असता. पण शोधणाऱ्यांनी नमुन्यांवरून आधीच ठरवून ठेवले होते की कोठे पाहायचे: नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छातीवर रुंद गडद पट्टा, पोट खाली स्वच्छ पांढरे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. काय दिसते यापेक्षा काय वेगळे दिसले पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. त्याच सातपुड्याच्या पायथ्याला आपल्या संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य आहे. तेथे सहलीला जाणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

जिल्ह्यापुरता एक तक्ता

टीका करून थांबणे बरे नाही. म्हणून बुलडाण्यात भेटू शकणाऱ्या चार सुतारांपुरता एक छोटा मार्ग सुचवतो. प्रश्न क्रमाने विचारावेत आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिला प्रश्न आकाराचा. पक्षी साळुंकीपेक्षा मोठा आहे, की बुलबुलाएवढा किंवा त्याहून लहान?

मोठा असून अंगावर सोनेरी रंग असेल तर मानगूट पाहावी. काळी असेल तर सोनपाठी. पांढरी असून पांढरा रंग पाठीवर उतरलेला, दोन्ही बाजूंना काळा रंग तिरपा आलेला असेल तर पांढऱ्या मानेचा. मानगूट दिसली नाही तर गळा पाहावा: काळ्यावर पांढरे, की पांढऱ्यावर काळ्या रेघा? कंबर पाहण्यात वेळ घालवू नये.

लहान असून पाठीवर पांढरे ठिपके असतील तर डोके पाहावे. बुलबुलाहून किंचित लहान, कपाळ पिवळसर, पाठ ठिपक्यांनी भरलेली आणि पोटावर लाल डाग असेल तर मराठा सुतार. त्याच्या नराच्या डोक्याचा मागचा भाग लाल असतो, मादीचा नसतो. चिमणीपेक्षाही लहान, सुमारे १३ सेंटिमीटरचा, डोके तपकिरी, डोळ्यामागे रुंद तपकिरी पट्टा आणि त्यावर पांढरी रेघ, पोटावर लाल अजिबात नाही, असा असेल तर तपकिरी डोक्याचा छोटा सुतार. त्याच्या नराला डोक्याच्या मागे कडेला लाल रंगाची एक बारीकशी रेघ असते, पण ती दिसेलच अशी आशा धरू नये.

या चारांत न बसणारे सुतारही भेटू शकतात. तेव्हा जवळच्या खणात कोंबू नये. वर्णन लिहावे आणि नावाची जागा मोकळी ठेवावी.

असा तक्ता दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकांनी जसाच्या तसा उचलू नये, असेही सुचवावेसे वाटते. सिंधुदुर्गातल्या शाळेत तो चुकीचा ठरेल. तेथे कंबर पाहावीच लागेल. आपापल्या परिसरातील सारख्या दिसणाऱ्या जोड्या शोधून, मुलांकडूनच त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्या काढून घेऊन तक्ता बनवला तर तो भिंतीवरच्या छापील चित्रापेक्षा अधिक कामाचा होईल.

'नक्की नाही' हीसुद्धा नोंद आहे

कोणी म्हणेल, एका सुताराचे नाव चुकले तर काय बिघडले? ज्ञानगंगेत लोक येतात ते वाघासाठी. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक वाघ सुमारे तीन हजार किलोमीटर चालून येथे पोहोचला आणि अभयारण्याचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या वाघाचा पत्ता गळ्यातल्या रेडिओपट्ट्यामुळे लागत होता. एरवी एक वाघ दुसऱ्यापासून ओळखतात तो अंगावरच्या पट्ट्यांवरून. वाघाचे पट्टे कोणी अंदाजाने नोंदवत नाही. सुताराच्या मानेला मात्र आपण तो न्याय देत नाही.

आणि बिघडते ते असे. २०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघाला. तो सुमारे १ कोटी नोंदींवर आधारलेला होता. २०२३ च्या अहवालात नोंदी ३ कोटींवर गेल्या आणि त्या सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्डवर केलेल्या होत्या. कोणता पक्षी घटतो आहे, कोणाला संरक्षणाची गरज आहे, याचे निष्कर्ष त्यांवरून निघतात. निरीक्षकांत शिक्षकही आहेत, विद्यार्थीही आहेत. पांढऱ्या मानेच्या सुतारासारखा विरळ पक्षी प्रत्येक वेळी सोनपाठी म्हणून लिहिला गेला, तर तो त्या रानात आहे हेच कोणाला कळणार नाही. आणि एके दिवशी तो नाहीसा झाला तर तेही कळणार नाही. ई-बर्डवर जात ठरवता आली नाही तर नुसते 'सुतार' असे नोंदवण्याची सोय आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही. प्रयोगशाळेत आम्ही वाचन घेता न आलेल्या रकान्यात रेघ ओढतो. अंदाजाने आकडा भरणाऱ्याला आम्ही रागावतो. रानातही तोच नियम हवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. छायाचित्र मुलांना दाखवले, चूक आमची होती हे सांगितले आणि वह्यांतली नोंद दुरुस्त करून घेतली. जुनी नोंद खोडू नका, तिच्यावर एक रेघ ओढून शेजारी नवी लिहा आणि कारणही लिहा, असे सांगितले. मुलांनी कारण लिहिले: 'मान मागून पांढरी.' त्या मुलीने मात्र आपल्या वहीत आदल्या दिवशीच, नावाच्या खाली, लहान अक्षरांत तसे लिहून ठेवले होते. आम्ही सांगितलेले नाव तिने लिहिले होते, पण स्वतः पाहिलेले सोडले नव्हते.